रस्त्यात कुणाला फीट आली की गर्दी कांदा का शोधते?

आडवाट (धागाकर्ता)

फलाटावर, एसटी स्टँडवर, मंडईत कुणाला फीट आली की पुढच्या मिनिटभरात काय होणार हे महाराष्ट्रात कुठेही आधीच सांगता येतं. भोवती कडं होतं. कुणीतरी "कांदा आणा" म्हणून ओरडतं. दुसरा पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो, तिसरा किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो, चौथा दातखीळ उघडायला चमचा शोधतो आणि उरलेले हातपाय दाबून धरतात. यातलं कुणीही कुणाला शिकवलेलं नसतं, तरी प्रत्येकाला आपलं काम पाठ असतं.

हा धागा त्या पाठ असण्याबद्दल आहे. चारचौघांत काही विपरीत घडलं की माणूस त्या क्षणी नव्याने विचार करत नाही. आजूबाजूच्यांना वर्षानुवर्षं जे करताना पाहिलं, तेच त्याच्या हातून होतं. फीट हे त्याचं फार स्वच्छ उदाहरण आहे, कारण मेंदूत घडतं ते जगभर सारखंच, पण भोवतीची माणसं मात्र ठिकठिकाणी निरनिराळी वागतात.

प्राचीन रोममध्ये नागरिकांची सभा भरलेली असताना कुणाला फीट आली तर तो अपशकुन समजून सभा मोडत. आजाराचं नावच 'सभेचा आजार' पडलं होतं. बाधा आपल्याला लागू नये म्हणून लोक थुंकत, अशी रोमन लेखक प्लिनीची नोंद आहे. आफ्रिकेत टांझानियासारख्या देशांच्या काही भागांत हा आजार लाळेतून लागतो अशी समजूत होती, त्यामुळे झटके चालू असताना माणसाला कुणी हात लावत नसे. चुलीत पडलेला माणूसही त्या भीतीपायी वेळेवर ओढून काढला जात नसे आणि भाजून अपंग होई.

आपल्याकडे ही भीती नाही. आपली गर्दी धावून येते आणि बिनदिक्कत हात लावते. हे आपलं मोठं भांडवल आहे आणि या धाग्यात ते कुणी विसरू नये.

आता न्यूयॉर्क. १९६४ साली क्वीन्स भागात किटी जेनोव्हीजचा खून झाला आणि अडतीस शेजाऱ्यांनी नुसतं पाहिलं अशी बातमी गाजली. तो आकडा फुगवलेला होता हे नंतर उघड झालं, पण त्यातून लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८चा प्रयोग निघाला. गंमत वाटेल, पण त्यांनी सोंग वठवलं ते फीटचंच. बंद खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला इंटरकॉमवर कुणाला तरी झटका येतोय असं ऐकू येई. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्क्यांनी मदत बोलावली, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलेल्यांपैकी फक्त ३१ टक्क्यांनी. तेव्हापासून 'माणसं जितकी जास्त तितकी मदत कमी' हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत बसला.

तो सगळीकडे तसाच लागू होत नाही. रॉबर्ट लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या २३ शहरांत पेन पडणं, लंगडणाऱ्याच्या हातून मासिकं सांडणं, अंधाला रस्ता ओलांडायचा असणं असे साधे प्रसंग घडवून पाहिले. २००१ मध्ये ते निष्कर्ष आले. रिओ दि जानेरोत सुमारे ९३ टक्के वेळा मदत मिळाली, क्वालालंपूरमध्ये ४० टक्के. कोलकाता वरच्या शहरांत होतं, न्यूयॉर्क तळाशी. म्हणजे 'बघे नुसते बघत राहतात' ही तक्रार पश्चिमेकडून उचलून आपल्या गर्दीवर चिकटवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मदत भरपूर मिळते, फक्त ती चुकीची असते. ती बरोबर कशी करता येईल यावर लिहा.

रानमोडी

चप्पल हुंगवली तर एवढं बिघडतं काय? माणूस शुद्धीवर तर येतो. शेकडो लोकांनी पाहिलेलं आहे. चमचा-बिमचा ठीक, तो घालू नये. पण वासाने कुणाचं नुकसान होत नाही आणि जमलेल्या लोकांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. चरकसंहितेतही अपस्मारावर (फीट येण्याच्या आजारावर) तीक्ष्ण नस्य, म्हणजे नाकातून द्यायचं औषध, सांगितलेलं आहे.

मज्जारज्जू

@रानमोडी, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेळेचा हिशेब पाहा. सर्वांगाला येणारी फीट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते. लोक जमायला अर्धं मिनिट जातं. कांदा कुणाच्या पिशवीत आहे ते शोधून, फोडून, नाकाशी न्यायला आणखी मिनिट-दीड मिनिट. कांदा पोचतो तेव्हा फीट संपत आलेली असते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कांदा नाकाशी गेला आणि झटके थांबले, मग यापेक्षा पक्का पुरावा कुणाला हवा असतो? लोकांनी पाहिलं ते खरंच आहे, त्याचं श्रेय फक्त चुकीच्या वस्तूला गेलं. चरकातलं नस्य ही वैद्याने योजलेली औषधी क्रिया आहे. फलाटावरच्या चपलेला तिचा आधार देता येणार नाही.

आता नुकसान. वास घेववायचा तर माणसाला उताणं ठेवावं लागतं, तोंड वर धरावं लागतं आणि नाकावर कुणीतरी ओणवं राहावं लागतं. त्या मिनिटांत नेमकं याच्या उलट हवं असतं. फीटमध्ये लाळ गिळली जात नाही, जीभ किंवा गाल चावला तर रक्तही येतं. उताण्या माणसाची लाळ, रक्त, कधी उलटी घशात साठते आणि श्वासनलिकेत उतरते. कुशीवर असला की तेच सगळं तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर पडतं. चपलेचा वास निरुपद्रवी असेल, पण चपलेसाठी माणसाला ज्या स्थितीत धरून ठेवतात ती निरुपद्रवी नाही.

बाकीच्या उपायांचंही सांगते.

चमचा, बोट, रुमालाचा बोळा: जबडा आवळला गेलेला असतो. चमच्याने दात तुटतो आणि तुटलेला तुकडा फुप्फुसात जाऊ शकतो. बोट घातलं तर बोटाला खोल जखम होते. जीभ 'गिळली' जात नाही. चावायची तर ती पहिल्या काही सेकंदांत, जबडा आवळतानाच चावली जाते. चमचा येईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं.

किल्ली किंवा लोखंड: मूठ घट्ट मिटलेली असते. ती बळाने उघडताना बोट मोडू शकतं. टोकदार किल्ली झटक्यांत डोळ्याला किंवा गालाला लागते.

हातपाय दाबणं: स्नायू आतून पूर्ण जोराने आखडत असतात. बाहेरून अडवलं की खांदा निखळू शकतो. फीट ओसरतानाच्या गोंधळात कुणी धरून ठेवलं तर माणूस झटापट करतो, लोकांना तो हिंसक झाल्यासारखा वाटतो आणि आणखी चार जण अंगावर बसतात. छातीवर, पाठीवर भार देणं तर जिवावर बेतू शकतं.

पाणी: तोंडात ओतलं तर थेट फुप्फुसात. तोंडावर मारून काही फरक पडत नाही.

करायचं ते असं. पहिलं काम घड्याळ बघणं. अंदाजाने दोन मिनिटंही दहा वाटतात. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा: घडी केलेला टॉवेल, जॅकेट, कपड्यांची पिशवी. चष्मा काढा, कॉलर, टाय, गळ्याभोवतीची ओढणी सैल करा, हेल्मेटचा पट्टा सोडा. आजूबाजूची टोकदार, गरम वस्तू दूर करा. माणसाला हलवायचं ते रूळ, रहदारी, पाणी, आग यांपासूनच, एरवी आहे तिथेच. झटके सैल पडू लागले की कुशीवर वळवा. तुम्ही ज्या बाजूला बसला आहात तिकडचा त्याचा हात बाजूला पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा पंजा गालाखाली ठेवा, पलीकडचा गुडघा दुमडा आणि त्या गुडघ्याला व खांद्याला धरून आपल्याकडे वळवा. तोंड जमिनीकडे थोडं कललेलं हवं.

फीटनंतर घोरल्यासारखा श्वास चालतो, माणूस दहा मिनिटं ते अर्धा तास भांबावलेला असू शकतो. नाव, आपण कुठे आहोत, आज वार कोणता हे नीट सांगेपर्यंत चहा, पाणी, साखर काहीही नाही.

१०८ कधी? पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच आहे, गरोदर बाई आहे, मधुमेह आहे, डोक्याला मार आहे, पाण्यात आली, किंवा थांबल्यावर श्वास नीट नाही. यातलं एकही असेल तर लगेच. माहीतच नसेल तरीही लगेच.

आणि शेवटचं, ज्यात लोक हमखास फसतात. हृदय बंद पडल्यावरही पहिल्या काही सेकंदांत हातपाय झटकू शकतात. गर्दी म्हणते फीट, आणि कांदा शोधते. झटके थांबले की छातीकडे दहा सेकंद बघा. श्वास नाही किंवा मधूनच आचका दिल्यासारखा येतोय, तर ही फीट नाही. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब सुरू करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. कांद्यात गेलेलं एक मिनिट इथे परत मिळत नाही.

रूळमैत्र

मुंबईच्या लोकलबद्दल भर घालतो, कारण तिथे वरचं सगळं करायला जागाच नसते.

दोन स्थानकांच्या मध्ये साखळी ओढू नका. गाडी रुळांवर उभी राहील, तिथे ना स्ट्रेचर पोचतो ना रुग्णवाहिका, आणि मागच्या गाड्याही अडकतात. पुढच्या स्थानकावर गाडी थांबली की दारातल्या माणसाने फलाटावरच्या पोलिसाला, स्टॉलवाल्याला, हमालाला हाक मारायची. उतरवायला वेळ लागतोय आणि गाडी सुटेल असं वाटलं तर तेव्हा साखळी. दरम्यान एकाने १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक लावून गाडी कुठून कुठे, पुढचं स्थानक कोणतं आणि डबा चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या बाजूने कितवा, एवढं सांगायचं. डब्याचा क्रम सांगितला नाही तर स्ट्रेचर घेतलेले लोक फलाटभर धावत बसतात.

बाकावर आडवं करू नका, तो अरुंद असतो, झटक्यात माणूस खाली येतो. बसलेल्यांनी पाय वर घ्यायचे आणि दोन बाकांमधल्या जमिनीवर जागा करायची. खचाखच गर्दीत आडवं करणं शक्यच नसेल तर हळूहळू खाली बसवा, डोकं कुणाच्या तरी मांडीवर आणि तोंड एका बाजूला. दारापासून आत ओढणं हे सगळ्यात आधी.

लोकलचा प्रवासी जबाबदारी घेतो, पण पुढच्या स्थानकापर्यंतच. उतरवलं, बाकावर बसवलं, पोलिसाला दाखवलं आणि गाडी पकडली. लेट मार्कची भीती खरी असते, त्याला दोष देता येत नाही. पण भांबावलेला माणूस फलाटावर एकटा सोडला तर तो उठून चालू लागतो आणि फलाटाची कड त्याला कळत नाही. कुणीतरी एकाने मागे राहायलाच हवं. रोजच्या ठरलेल्या डब्यातले ग्रुप आणि भजनी मंडळं यात फार उपयोगी पडतात. माणसं एकमेकांना ओळखतात, कुणाला ऑफिसात सांगता येईल हे माहीत असतं, त्यामुळे 'तू थांब, आम्ही कळवतो' हे दोन वाक्यांत ठरतं. अनोळखी गर्दीत हे ठरत नाही.

पूर्वाषाढा

बाईला फीट आली तर? पुरुष घोळका करून उभे राहतात पण हात लावत नाहीत, "अहो बायका कुणी आहेत का" म्हणून शोधाशोध होते. त्यात दोन मिनिटं जातात. शिवाय कपडे ओले झाले, पदर सरकला, तर शुद्धीवर येताना तिला पहिलं दिसतं ते चेहऱ्यांचं कडं. याचं काय करायचं?

मज्जारज्जू

@पूर्वाषाढा, हा संकोच दोन्ही बाजूंचा असतो आणि तो क्षणात जाणार नाही असं धरूनच कामं वाटावीत. डोक्याखाली पिशवी सरकवणं, घड्याळ, फोन, कडं मागे सारणं यात कुठेच अंगाला हात लागत नाही, ते पुरुषांनी लगेच सुरू करावं. कुशीवर वळवायला खांदा आणि गुडघा एवढंच धरावं लागतं, तेही कपड्यावरून. बाई मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर थांबायचं नाही.

आडोसा करताना साडी किंवा चादर दोन टोकांना धरून उभी ताणा, वरून पांघरू नका. वर हवा मोकळी हवी आणि चेहरा निदान एका माणसाला सतत दिसत राहायला हवा, नाहीतर श्वास थांबलेला कळणार नाही. आडोसा धरणाऱ्यांनी पाठ आत आणि तोंड बाहेर करून उभं राहावं. ओढणी, जॅकेट कमरेखाली टाकून ठेवा. फीटमध्ये लघवी होणं सर्वसाधारण आहे आणि शुद्धीवर आल्यावर त्याचीच शरम सर्वांत जास्त वाटते. नकाब असेल तर पिना सोडून फक्त नाकतोंड मोकळं करायचं. मंगळसूत्र गळ्यात रुतत असेल तर पुढे ओढून सैल करा.

पूर्वेचा वारा

स्पर्शाच्या नियमांवरून जपानमधला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एप्रिल २०१८ मध्ये क्योतो प्रांतातल्या माइझुरू शहरात सुमोच्या प्रदर्शनी सामन्यांच्या वेळी भाषण करताना तिथले महापौर रिंगणातच कोसळले. प्रेक्षकांतल्या काही स्त्रिया वर धावल्या आणि त्यांनी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. सुमोचं रिंगण पवित्र मानतात, स्त्रियांना तिथे पाऊल ठेवायची परवानगी नाही. पंचाने ध्वनिक्षेपकावरून स्त्रियांनी खाली उतरावं असं पुन्हा पुन्हा सांगितलं. देशभर संताप उसळला, संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. महापौर वाचले.

त्या पंचाने बसून काही ठरवलं असेल असं वाटत नाही. रिंगणात बाई दिसली की काय म्हणायचं हे त्याच्या तोंडात बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं. कांद्याची हाक अशीच येते.

एरवी जपानमध्ये २००४ पासून सामान्य माणसाला एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) वापरायची मुभा आहे, स्थानकांवर यंत्रं लावलेली असतात, फलाटावर गाडी थांबवायचं बटण असतं. तिथला प्रवासी आधी कर्मचाऱ्याला बोलावतो. यंत्रणा लगेच येते म्हणून ते चालतं. आपल्या एखाद्या आडगावच्या स्टँडवर तसं वागलं तर माणूस तसाच पडून राहील. म्हणून तिकडची रीत जशीच्या तशी आणू नये.

संबळ

एक बाजू राहून जातेय. आरतीत, जागरणात, गोंधळात, जत्रेत कुणी घुमायला लागलं तर गर्दी अगदी वेगळी वागते. तिथे कांदाही येत नाही, चप्पलही नाही, कुणी हात दाबत नाही. लोक मागे सरून जागा करतात, हळदकुंकू लावतात, एखादी जाणती बाई पुढे होऊन "कोण आलंय, काय पाहिजे" विचारते, वाजवणारा ठेका धरून ठेवतो किंवा हळूहळू उतरवतो, शेवटी अंगारा लावून पाणी देतात. कुणी पुढे व्हायचं, कुणी मागे, कधी संपवायचं, सगळं बांधलेलं असतं. माणसाला इजा होऊ न देता त्यातून बाहेर काढायची ही रीत चांगली काम करते, तिला उगाच नावं ठेवू नयेत.

पंचाईत होते ती दोन्हीकडून. खरी फीट आरतीच्या वेळी आली तर लोक 'अंगात आलं' म्हणून हात जोडून बघत राहतात, आणि पुढ्यात निरांजन, कापूर जळत असतो. फरक असा ओळखावा:

घुमणारी व्यक्ती सहसा हळूहळू चढते, ताल धरते, ठेका बदलला की तिची गती बदलते, विचारलं तर बोलते किंवा हुंकार देते, पडली तरी सावरून पडते. फीटमध्ये माणूस एकदम कोसळतो, समोर दिवा असला तरी त्यावरच. आधी लाकडासारखा ताठ होतो, मग झटके येतात. डोळे उघडे पण नजर शून्य, ओठ निळसर, तोंडाला फेस, ढोल थांबला तरी काही फरक नाही, नावाने हाक मारली तरी नाही. शंका आली तर फीटच समजावं. कुशीवर वळवल्याने देवीचा काही अपमान होत नाही.

कुणी घुमत असेल तर कापूर, समई, उदबत्तीचं घर चार हात लांब न्यावं, मोकळे केस आणि पदर ज्योतीपासून दूर राहतील हे बघायला एक बाई ठेवावी, पायऱ्या आणि कठड्याकडे एक माणूस.

दफ्तर

संबळ यांच्या मुद्द्याला कायद्याची एक नोंद जोडतो. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणा प्रतिबंधक कायदा नुसत्या अंगात येण्याला किंवा अंगारा लावण्याला गुन्हा म्हणत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, हे मात्र त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. वारंवार फीट येणाऱ्या माणसाला 'बाहेरची बाधा' म्हणून कुठे नेऊन असं काही केलं तर ते यात बसतं.

पोलिसांच्या लचांडाची भीती हे लोक मागे राहण्याचं मोठं कारण. रस्ता अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१६चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि मोटार वाहन कायद्याचं २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १३४-अ संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. हे कलम अपघातापुरतं आहे, फीट त्यात येत नाही. पण शुद्ध नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०चा आधार आहे, जुन्या दंडसंहितेत ते ९२ होतं.

आणखी एक. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून काढलं गेलं. समाजाच्या मनातून ते निघालेलं नाही. त्यामुळे घरचे, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलीचे, आजाराची चिठ्ठी पर्समध्ये ठेवू देत नाहीत, आणि शुद्धीवर आलेली मुलगी "काही नाही, चक्कर आली" म्हणून अर्धवट भानावरच निघून जायला बघते. गर्दीतल्या "कुठली गं तू, कुणाची?" या चौकशीने ती घाई आणखी वाढते. तिच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरलेली असेल तर पासवर्डशिवाय घरच्यांचा नंबर मिळतो, तो एकानेच बघावा आणि मोठ्याने वाचू नये.

मज्जारज्जू

मघाशी लिहायचं राहिलं. सगळ्याच फीट कोसळवणाऱ्या नसतात. एका प्रकारात माणूस उभाच असतो, पण भान हरपलेलं. ओठ चघळतो, शर्टाची बटणं चाचपतो किंवा सोडतो, दुसऱ्याच्या पिशवीला हात घालतो, दिशाहीन चालतो. हे एक-दोन मिनिटं चालतं. आपल्या गर्दीच्या नजरेत तो बेवडा, पाकीटमार किंवा छेड काढणारा ठरतो आणि मार खातो. पिलियाविन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काठीधारी माणूस पडला तेव्हा ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले, दारूचा वास येणारा पडला तेव्हा ३८ पैकी १९ वेळा. मदत करायची की नाही हे माणूस 'कोण' वाटतो त्यावर ठरलं.

नजर हरवलेली, प्रश्नाला उत्तर नाही, पण पळूनही जात नाही, असा कुणी दिसला तर दंड पकडू नका. दोन हात अंतर ठेवून सोबत चाला, रस्ता, जिना, फलाटाची कड यांच्या आणि त्याच्या मध्ये आपण राहा, शांत आवाजात बोला. दोन-तीन मिनिटांत उत्तर येऊ लागेल. चोर असला तर तो एवढा वेळ थांबणार नाही.

आडवाट

सगळे मिळून एक गोष्ट पक्की होतेय. 'गर्दी हटवा, हवा येऊ द्या' म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही. आलेला माणूस मदतीला आलेला असतो, हाकललं की तो दोन पावलं मागे जाऊन व्हिडिओ काढतो. त्याला काम द्या.

आपल्याकडे अनोळखी माणसाला हुकूम सोडला तर तो बिथरतो, नात्याने हाक मारली तर ऐकतो. "मावशी, तुमची ती कपड्यांची पिशवी द्या डोक्याखाली." "निळा शर्टवाले दादा, १०८ लावा आणि हा स्टँड कुठला ते सांगा." बोट दाखवून एकाच माणसाला सांगायचं. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की १९६८चा प्रयोग पुन्हा घडतो.

कांदा घेऊन येणारे बहुधा वयाने मोठे असतात. त्यांच्याशी तिथे वाद घालू नका. त्यांना मान असलेलं काम द्या: "काका, कांदा राहू द्या हातात, तुम्ही घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली की मोठ्याने सांगा." चप्पलवाल्याला कडं मागे सारायला लावा. दोघे-तिघे तरुण असतील तर एकाने रस्त्याच्या तोंडाशी जाऊन रुग्णवाहिकेला वाट दाखवावी.

व्हिडिओ काढणाऱ्यालाही काम आहे. डॉक्टरला तो उपयोगी पडतो, मान कोणत्या बाजूला वळली, झटके कुठल्या हातापासून सुरू झाले, डोळे उघडे होते का हे त्यात दिसतं. पण काढायचा एकाने, नातेवाइकाच्या फोनवर पाठवायचा आणि त्यांच्यासमोर पुसायचा. ग्रुपवर जाता कामा नये.

घाटपायथा

आमच्या गणेशोत्सव मंडळाला मांडवात आणि विसर्जनाच्या घाटावर लावायला फलक हवाय. काय लिहावं? लोक चार ओळींपलीकडे वाचत नाहीत. घाटावर पाण्यात कुणाला फीट आली तर काय, तेही सांगा.

मज्जारज्जू

@घाटपायथा, पाण्यात: मागून काखेत हात घालून डोकं पाण्यावर धरा, हनुवटी वर. झटके चालू असताना पायऱ्यांवर ओढू नका, दगडावर डोकं आपटतं. कमरेएवढ्या पाण्यात धरून ठेवणं जास्त सुरक्षित. थांबले की बाहेर काढून लगेच श्वास बघा, आणि तो बरा दिसला तरी इस्पितळात न्याच, पोटात-छातीत पाणी गेलेलं असू शकतं. घाटावर ट्यूब आणि दोर टांगलेले ठेवा.

मिरवणुकीतले लखलखणारे दिवे काही थोड्या रुग्णांत फीट सुरू करतात. अशांना दिवे सुरू झाले की तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून तोंड फिरवायला सांगा. दोन्ही डोळे नुसते मिटून उजेड आत जातच राहतो.

फलक असा करा:

फीट आली? घड्याळ बघा.
डोक्याखाली मऊ, अंगाला कुशीवर वळण.
तोंडात काहीही नाही.
पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा श्वास दिसत नाही: १०८.

आडवाट

यात कांदा आणि चपलेचं नाव मुद्दाम नाही, ते तसंच ठेवा. 'कांदा लावू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात कांदाच राहतो. शिवाय नुसता फलक पुरत नाही. कार्यकर्त्यांच्या बैठकीत वीस मिनिटं काढा. एकाला सतरंजीवर झोपवा आणि प्रत्येकाकडून एकदा कुशीवर वळवून घ्या. एकाला कांदा घेऊन येणारे काका करा आणि दुसऱ्याकडून त्यांना घड्याळ द्यायचं वाक्य मोठ्याने म्हणवून घ्या. ते वाक्य तोंडात बसलेलं नसेल तर ऐन वेळी कुणालाच सुचत नाही.